कुमारवयीन विद्यार्थ्यांतील मानसिक संरक्षण यंत्रणा आणि मानसिक आरोग्य

बीजसंज्ञा : कुमारवय, संरक्षण यंत्रणा, समर्थन, प्रक्षेपण, परार्थी समर्पण, मानसिक आरोग्य, कनिष्ठ महाविद्यालय

प्रस्तावना

आपल्याकडे अनेक वरिष्ठ महाविद्यालयांना कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले असते. त्यामुळे महाविद्यालयीन अध्यापक हा प्रत्यक्षात सोळा ते एकोणीस या वयाच्या मुलामुलींचा शिक्षक असतो. तथापि आपण त्यांना 'विद्यार्थी' म्हणून जितके ओळखतो तितके 'कुमारवयीन' म्हणून ओळखत नाही.

काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग या ठिकाणी नमूद करणे आवश्यक वाटते. अकरावी विज्ञानाच्या प्रथम सत्र परीक्षेत प्रस्तुत लेखिका पर्यवेक्षक म्हणून वर्गावर होती. पहिला अर्धा तास संपताच एका विद्यार्थ्याने भौतिकशास्त्राची जवळजवळ कोरी उत्तरपत्रिका हसत हसत टेबलावर आणून ठेवली. कारण विचारता तो म्हणाला, "मॅडम, वाचलंच नव्हतं. मूडच नव्हता." दहावीला मराठी माध्यमातून नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळवलेला हा मुलगा. 'मस्ती आली आहे' असा शेरा प्राध्यापक कक्षात पडला आणि तो लेखिकेलाही पटला. पुढे ग्रंथालय परिचरांशी बोलताना सहज समजले, की तो मुलगा गेले दोन महिने ग्रंथालय बंद होईपर्यंत एका हाताशी भौतिकशास्त्राचे पुस्तक आणि दुसऱ्या हाताशी इंग्रजी-मराठी शब्दकोश घेऊन बसत असे. म्हणजे 'वाचलंच नव्हतं' हे खरे नव्हते. त्याने वाचले होते, पण त्याला ते समजले नव्हते. दुसऱ्या सत्रात त्याने प्रवेश रद्द करून घेतला. मानसशास्त्र शिकवणाऱ्या व्यक्तीला हे वेळीच ओळखता आले नाही, ही खंत या लेखामागे आहे.

विद्यार्थ्यांच्या संरक्षण यंत्रणांचे मूल्यमापन आपण त्या आपल्याला किती त्रास देतात यावरून करतो, त्या विद्यार्थ्याला किती महाग पडतात यावरून करीत नाही. परिणामी उद्धट दिसणाऱ्या यंत्रणेला शिक्षा होते, समजूतदार दिसणाऱ्या यंत्रणेचे कौतुक होते आणि दोन्ही ठिकाणी मूळ दुखणे तसेच राहते. हा मुद्दा काही परिचित उदाहरणांच्या आधारे उलगडण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पनेचा उगम आणि विकास

मन असह्य वाटणाऱ्या विचारांपासून स्वतःचा बचाव करते, ही कल्पना सिग्मंड फ्रॉईड यांनी १८९४ मधील एका निबंधात मांडली. पुढील बराच काळ त्यांच्या लेखनात 'दमन' हीच संज्ञा केंद्रस्थानी राहिली. १९२६ मध्ये चिंतेविषयीच्या ग्रंथात त्यांनी 'बचाव' ही व्यापक संज्ञा पुन्हा पुढे आणली आणि दमन हा बचावाच्या अनेक प्रकारांपैकी एक प्रकार ठरला. भारतातही या विषयाची दखल लवकर घेतली गेली. कोलकात्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांचा दमनाच्या संकल्पनेवरील प्रबंध १९२१ चा असून १९२२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र बोस यांचा उल्लेख क्वचितच आढळतो.

विषयाची पद्धतशीर मांडणी केली ती ॲना फ्रॉईड यांनी. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अहम् आणि संरक्षण यंत्रणांवरील ग्रंथ हा वडिलांच्या ऐंशीव्या वाढदिवसाची भेट होता. ॲना फ्रॉईड मनोविश्लेषणाकडे वळण्यापूर्वी काही वर्षे व्हिएन्नात शाळाशिक्षिका होत्या, ही गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्यांच्या ग्रंथातील मुले रुग्ण असली तरी ती वर्गात बसणाऱ्या मुलांसारखी वाटतात, याचे कारण कदाचित हेच असावे.

संरक्षण यंत्रणा म्हणजे चिंता, अपराधभाव, लाज किंवा अपमान यांच्यापासून स्वतःला वाचविण्यासाठी मनाने नकळत केलेली तजवीज होय. यातील 'नकळत' हा शब्द निर्णायक आहे. खोटे बोलणाऱ्यास आपण खोटे बोलत आहोत हे ठाऊक असते. संरक्षण यंत्रणा वापरणाऱ्यास स्वतःचे म्हणणे त्या क्षणी खरेच वाटते. वर्गातील व्यवहारात या दोहोंमधील सीमारेषा पुसट असते हे मान्य केले, तरी प्रत्येक सबबीला 'थाप' म्हणणे हे निदान म्हणून चुकीचे आहे.

कुमारवयातच यंत्रणांची गर्दी का होते?

या वयात शरीर बदलते, लैंगिक प्रेरणा जाग्या होतात, आई-वडिलांपासून मनाने दूर जाण्याची प्रक्रिया सुरू होते. मेंदूतील भावनांशी निगडित भाग लवकर सक्रिय होतो. आवेगांवर नियंत्रण ठेवणाऱ्या अग्रभागाची परिपक्वता मात्र विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. आतून दडपण वाढलेले आणि ते पेलणारी व्यवस्था अपुरी, असा हा काळ.

ॲना फ्रॉईड यांनी या वयाची म्हणून दोन यंत्रणा विशेषत्वाने सांगितल्या. पहिली विरक्तीची. प्रेरणांची भीती वाटणारा मुलगा एका प्रेरणेवर थांबत नाही. करमणूक, चांगले कपडे, उबदार पांघरूण, प्रसंगी पोटभर जेवणही नाकारू लागतो. वसतिगृहात थंडीत पहाटे गार पाण्याने स्नान करणारा, मित्रांत न मिसळणारा, मोबाईल घरी ठेवून आलेला एखादा विद्यार्थी आपण पाहिलेला असतो आणि इतरांसमोर त्याचा आदर्श म्हणून उल्लेखही केलेला असतो. काही वेळा तो खरोखरच आदर्श असतो. पण काही वेळा अशीच विरक्ती अकस्मात तुटते आणि तोच मुलगा सगळे बांध सोडून वागू लागतो. तेव्हा आपण म्हणतो, 'संगत लागली.'

दुसरी यंत्रणा बौद्धिकीकरणाची. मैत्री, प्रेम, स्वातंत्र्य, ईश्वर यांवर रात्ररात्र वाद घालणारी मुले प्रत्यक्ष मैत्रीत मात्र कमालीची बेपर्वा असतात, हे ॲना फ्रॉईड यांचे निरीक्षण आजही तंतोतंत लागू पडते. त्यांच्या मते हा ढोंगीपणा नव्हे. मनातील संघर्षाला विचारांच्या पातळीवर नेऊन त्याच्याशी झुंजण्याचा तो प्रयत्न असतो. वक्तृत्व स्पर्धांचे परीक्षण करणाऱ्या सहकाऱ्यांनी हे एकदा ताडून पाहावे.

'अभ्यासच केला नाही' : अपयशाआधी उभारलेली भिंत

प्रस्तावनेतील विद्यार्थ्याकडे पुन्हा वळू. खऱ्या कारणाऐवजी मानाला धक्का न लावणारे कारण पुढे करणे यास समर्थन म्हणतात. कोल्ह्याला द्राक्षे आंबट लागली ही त्याची सर्वपरिचित कथा. परंतु येथे त्याहून थोडे अधिक घडले आहे. हा मुलगा अपयशानंतर कारण शोधत नाही, तर अपयशाआधीच कारणाची सोय करून ठेवतो. 'अभ्यास करूनही आले नाही' याचा अर्थ 'मला बुद्धी नाही' असा होतो, 'अभ्यासच केला नाही' याचा अर्थ तसा होत नाही. आळशी ठरण्याची तयारी असते, मठ्ठ ठरण्याची नसते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्गलास आणि जोन्स यांनी १९७८ मध्ये या वर्तनाचा प्रयोगाद्वारे अभ्यास केला. काही विद्यार्थ्यांना न सुटणारे प्रश्न देऊन 'तुम्ही उत्तम यश मिळवले' असे सांगण्यात आले. पुढील चाचणीपूर्वी दोन औषधांतून निवड करण्याची मुभा दिली गेली, त्यांपैकी एक बौद्धिक कामगिरी खालावते असे सांगितले होते. आपले यश आपल्या कर्तृत्वाचे नाही असे ज्यांना आतून जाणवत होते, त्यांचा, विशेषतः पुरुष विद्यार्थ्यांचा, कल कामगिरी खालावणाऱ्या औषधाकडे अधिक दिसला. मनोविश्लेषणाच्या रूढ यादीत ही यंत्रणा नाही, ती सामाजिक मानसशास्त्रातून आली आहे. पण तिचे कार्य तेच आहे.

आपल्याकडील परिस्थितीशी हे ताडून पाहिले असता चित्र स्पष्ट होते. दहावीच्या निकालात अंतर्गत मूल्यमापनाचे गुण असतात, 'बेस्ट ऑफ फाइव्ह'चा आधार असतो. गावात सत्कार होतो, चौकात फलक लागतो. जूनमध्ये हाच विद्यार्थी अकरावी विज्ञानाच्या वर्गात येतो आणि 'वेग', 'त्वरण', 'संवेग' हे त्याचे शब्द एका रात्रीत 'व्हेलॉसिटी', 'ॲक्सिलरेशन', 'मोमेंटम' होतात. फलकावरील आपले छायाचित्र आणि वर्गातील आपण यांत काही मेळ नाही, हे त्याला पहिल्या पंधरवड्यातच कळते, आणि ते कोणालाही सांगता येत नाही. अशा वेळी निष्काळजीपणाचा आव हा त्याच्याजवळ उरलेला एकमेव अब्रूचा मार्ग असतो. 'वर्गासमोर सांग, का नाही केलास अभ्यास?' असे विचारून आपण त्याची ती अब्रूही काढून घेतो, आणि बदल्यात काही देत नाही.

राग एकाचा, वार दुसऱ्यावर

विस्थापन आणि प्रक्षेपण या यंत्रणा अध्यापकांस सर्वाधिक त्रास देतात, म्हणून त्यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. वडिलांपुढे ब्र काढू न शकणारा मुलगा आईवर ओरडतो किंवा महाविद्यालयातील बाक मोडतो, हे विस्थापन. स्वतःच्या मनातील द्वेष समोरच्याच्या ठिकाणी दिसणे हे प्रक्षेपण. 'सर माझ्यावर डूख धरून आहेत', 'सगळे मलाच हसतात' ही वाक्ये त्यातून येतात. अर्थात प्रत्येक तक्रारीस प्रक्षेपण म्हणून निकाली काढण्याचा मोह टाळला पाहिजे. जात, भाषा, पेहराव यांवरून होणारी हेटाळणी वर्गात प्रत्यक्षात असते. तिला विद्यार्थ्याच्या मनाचा खेळ ठरविणे ही आपली संरक्षण यंत्रणा झाली. 'आजची पिढीच अशी आहे' हे वाक्यही तपासून पाहण्याजोगे आहे, कारण आपल्या अध्यापनातील उणीव त्यामागे सुखाने झाकली जाते.

फोबी क्रेमर यांच्या विकासात्मक संशोधनातून असे दिसते, की लहान वयात वास्तव नाकारण्याची यंत्रणा प्रमुख असते, पुढे प्रक्षेपण वाढते आणि कुमारवयाच्या उत्तरार्धात तादात्म्याला अधिक महत्त्व येते. याच संशोधनातील आणखी एक निष्कर्ष अध्यापकांसाठी मोलाचा आहे. एखादी यंत्रणा कशी काम करते हे मुलाला समजू लागले, की तिचा प्रभाव ओसरतो आणि मूल अधिक गुंतागुंतीच्या यंत्रणेकडे वळते. याचा व्यावहारिक अर्थ असा घेता येईल, की 'तू हे स्वतःला वाचवण्यासाठी बोलतोस' असे तोंडावर सांगणे निरुपद्रवी नसते. जुने कवच त्याने निकामी होऊ शकते, आणि नवे तयार झालेले असेलच याची खात्री नसते.

समजूतदार मुलगी

ॲना फ्रॉईड यांच्या ग्रंथात एका गव्हर्नेसचे उदाहरण आहे. स्वतःच्या साऱ्या इच्छा तिने लहानपणीच सोडून दिलेल्या असतात. मात्र इतरांचे विवाह, इतरांची मुले, इतरांचे यश यांत ती विलक्षण हिरिरीने रस घेते. स्वतःला नाकारलेली इच्छा दुसऱ्याच्या आयुष्यात पुरी करून घेण्याच्या या यंत्रणेस त्यांनी परार्थी समर्पण असे म्हटले.

हे वाचताना प्रस्तुत लेखिकेस व्हिएन्ना आठवत नाही, बारावीच्या वर्गातील दुसऱ्या बाकावरील मुलगी आठवते. तिला पदवीसाठी तालुक्याच्या गावी पाठवायचे नाही असे घरी ठरलेले असते, कारण एकाच अपत्याच्या शिक्षणाचा खर्च झेपणारा असतो. ती रडत नाही, भांडत नाही. 'मला नाहीतरी शिकायचा कंटाळाच आलाय मॅडम' असे म्हणते. आणि धाकट्या भावाच्या प्रवेशाची चौकशी करण्यासाठी चार खेपा कार्यालयात घालते, त्याचे अर्ज भरते, त्याच्या गुणांचा हिशेब तिला तोंडपाठ असतो. घरचे म्हणतात, 'पोरगी भारी समजूतदार आहे.' आपणही तेच म्हणतो. तिची उपस्थिती पूर्ण असते, वही नीटनेटकी असते, शिस्तभंगाच्या नोंदीत तिचे नाव कधीच नसते.

परार्थ ही प्रगल्भ यंत्रणा आहे आणि भावासाठी झटणारी प्रत्येक बहीण मानसिकदृष्ट्या आजारी आहे असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. फरक इतकाच, की प्रगल्भ परार्थात देणाऱ्याजवळ स्वतःचेही काही शिल्लक असते. येथे इच्छाच मिटवलेली असते. मग डोके दुखू लागते, भूक मंदावते, चक्कर येते. डॉक्टर रक्तवाढीच्या गोळ्या देतात, त्या आवश्यकही असू शकतात. पण 'तुला स्वतःला काय व्हायचे होते?' हा प्रश्न तिला कोणीच विचारलेला नसतो. संस्कृती ज्या यंत्रणेची स्तुती करते ती यंत्रणा दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या दुखण्यावर उपचार होत नाहीत.

यंत्रणा केव्हा घातक ठरते?

संरक्षण यंत्रणा हा आजार नव्हे. ताप हा जसा शरीराचा प्रतिसाद असतो, तसा हा मनाचा. प्रश्न तिच्या प्रमाणाचा आणि ताठरपणाचा आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी यंत्रणांची श्रेणी लावली. वास्तवच नाकारणाऱ्या यंत्रणा सर्वांत खाली, त्यावर प्रक्षेपण व आवेगी कृतींसारख्या अपरिपक्व, त्यावर दमन व विस्थापनासारख्या, आणि सर्वांत वर विनोद, परार्थ, उदात्तीकरण, पूर्वविचार व जाणीवपूर्वक केलेले निरोधन. हार्वर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा १९३८ पासून दीर्घकाळ चाललेला पाठपुरावा हा त्यांचा आधार. प्रगल्भ यंत्रणा वापरणाऱ्यांचे आयुष्य पुढे अधिक समाधानी गेले असे त्यांना आढळले. तथापि त्या अभ्यासातील २६८ जण सर्वच्या सर्व पुरुष आणि नामांकित विद्यापीठातील होते. ती श्रेणी जशीच्या तशी मराठवाड्यातील किंवा कोकणातील सतरा वर्षांच्या मुलीला लावणे धाडसाचे ठरेल.

त्यापेक्षा काही साधे प्रश्न अधिक उपयोगी पडतात. विद्यार्थी प्रत्येक प्रसंगी एकच यंत्रणा वापरतो, की परिस्थितीनुरूप बदलतो? तिच्यापायी झोप, जेवण, मैत्री, अभ्यास यांपैकी काय गमावले जात आहे? आणि हे किती दिवस चालले आहे? चाचणीत नापास झाल्यावर आठवडाभर 'पेपरच चुकीचा होता' म्हणणारा मुलगा बहुधा सावरतो. सहा महिने तेच म्हणत वर्गात येणे बंद करणारा सावरत नसतो.

याचे गांभीर्य आकडेवारीतून कळते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. त्या सर्वेक्षणातील बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. आत्महत्येमागे एकच कारण कधीच नसते, त्यामुळे या आकड्यांचा संबंध थेट संरक्षण यंत्रणांशी जोडणे अशास्त्रीय होईल. पण अशा घटनेनंतर 'तो तर नेहमी हसत असायचा', 'तिने कधी काही सांगितलेच नाही' असे उद्गार वारंवार ऐकू येतात.

अध्यापकाच्या हाती काय आहे?

अध्यापक हा उपचारक नव्हे. विद्यार्थ्याच्या मनाचे विश्लेषण करणे हे त्याचे काम नाही आणि अर्धवट ज्ञानावर ते करूही नये. मात्र यंत्रणेवर हल्ला न करणे आणि तिच्यावर विश्वासही न ठेवणे, हे दोन्ही त्याला जमू शकते. 'अभ्यास केला नाहीस तर भोग फळे' आणि 'खोटे बोलतोस, केला आहेस अभ्यास' या दोन्ही प्रतिक्रिया टाळून 'या प्रकरणातले कुठले पान अडले?' असे एकट्याला विचारता येते. या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी मुलाला कोणतीच कबुली द्यावी लागत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी पहिल्या महिन्यात पारिभाषिक शब्दांची द्विभाषिक यादी फळ्यावर लिहिणे हा समुपदेशनाचा भाग मानला जात नाही, पण ज्या भीतीतून भिंत उभी राहते ती भीतीच त्याने कमी होते.

आत्मघाताचे विचार, स्वतःला इजा, दीर्घकाळ अबोला, झोप-भुकेतील ठळक बदल दिसल्यास प्रकरण तज्ज्ञाकडे गेले पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आहे, त्यामुळे 'पोलीस केस होईल' या भीतीने गप्प बसण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी मार्गदर्शक निर्देश दिले असून १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक अथवा तत्सम तज्ज्ञ असावा असे त्यांत म्हटले आहे. आपल्या महाविद्यालयात ते पद कागदावर आहे की खोलीत, हे प्रत्येकाने पाहावे.

मूल्यांकनाच्या निमित्ताने बहुतेक ठिकाणी मेंटॉर-मेंटी नोंदी ठेवल्या जातात. त्या पत्रकात 'विद्यार्थ्याच्या अडचणी' असा एक रकाना असतो आणि त्यात बहुधा 'काही नाही' असे लिहिलेले आढळते. गेली दोन वर्षे प्रस्तुत लेखिका त्या दोन शब्दांपुढे तारीख टाकते, महिन्याभराने त्याच विद्यार्थ्याला पुन्हा बोलावते आणि आधी दुसऱ्याच कशाविषयी तरी बोलते. बसच्या वेळेविषयी, डब्याविषयी, भावाच्या प्रवेशाविषयी. तिसऱ्या-चौथ्या खेपेस काही जण 'मॅडम, एक विचारू?' असे म्हणतात.